ब्लाऊज शिवायचा तो आजच्या अंगाचा

सगळ्यात आधी, मापाचा जुना ब्लाऊज पिशवीत घालू नका. तो घरीच राहू दे. शिवायला येताना बहुतेक बायका जो ब्लाऊज आणतात तो त्यांना कधीकाळी नीट बसलेला असतो. लग्नातला, नाहीतर पहिल्या मुलाच्या बारशाचा. मग म्हणतात, "याच्यावरून शिवा ताई, फक्त थोडा सैल करा." त्या 'थोडा'मध्ये दहा वर्षं आणि दोन बाळंतपणं बसवायची असतात, आणि ती बसत नाहीत. अंग सगळीकडून सारखं वाढत नाही. दंड भरतो, पाठ रुंदावते, छाती खाली येते, खांदा मात्र होता तसाच राहतो. म्हणून जुन्यावरून नुसता सैल केलेला ब्लाऊज खांद्यावरून घसरतो आणि काखेत काचतो. मग बाईला वाटतं, आपलंच अंग बेढब.

मी पुण्यात रास्ता पेठेत लेडीज टेलर आहे, मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून. टेपसमोर उभी राहणारी जवळजवळ प्रत्येक बाई आधी सफाई देते. "जरा सुटलेय हं मी." "थायरॉइड निघालाय ना." "लग्नापर्यंत कमी करणार आहे." काटकुळी मुलगी असली तर तिची आई बोलते, "हिच्या अंगाला काही लागतच नाही हो." गुन्हा केल्यासारखं सांगतात. ही सफाई बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती बंद कशी करायची ते मला शिवणकामातून जितकं समजलं तितकं लिहिते.

माप देताना

ज्या ब्रावर तो ब्लाऊज घालणार तीच घालून या. हा सगळ्यात उपयोगी सल्ला आहे आणि सगळ्यात कमी पाळला जातो. ब्रा बदलली की छातीची उंची बदलते, टक्स भलतीकडे जातात आणि कटोरी बसत नाही. वरून जाड कुर्ता नको, पातळ टॉप चालेल. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगावर सूज असते, छाती दुखरी असते, घाई नसेल तर ते दिवस टाळा.

पोट आत ओढू नका. श्वास नेहमीसारखा चालू ठेवा. आत ओढलेल्या पोटाचं माप घेतलं तर ब्लाऊज त्या अर्ध्या मिनिटाच्या अंगाचा होतो, आणि तुम्हाला तो मांडवात पाच तास घालायचा असतो, जेवायचंही असतं. टेप अंगाला टेकावा, आवळू नये, आत दोन बोटं गेली पाहिजेत. कुणी टेप आवळून धरत असेल तर "दोन बोटं सोडा" असं स्पष्ट सांगा.

दंडाकडे विशेष लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त त्रास बाहीचा होतो. दंडाचं माप नेहमी हात खाली सोडून घेतात. तेवढं पुरत नाही. कोपर वाकवलं की दंड फुगतो, हात वर केला की मांस काखेकडे सरकतं. मी हात सोडून, कोपर वाकवून आणि हात वर करून असं तिन्ही वेळा मोजते आणि त्यातलं सगळ्यात मोठं माप धरते. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या बायकांच्या दंडावर जुन्या बाहीचा वळ असतो. दंडाभोवती गोल, तांबडा, कापडाची वीण उमटलेला, आणि वर्षानुवर्षं घट्ट बाही घातलेल्यांचा तर काळपट झालेला. त्यावर बोट ठेवून मी विचारते, "दुखतं ना?" "दुखतं, पण हात जाडच आहेत ना माझे," असं उत्तर येतं. हात आहेत तेवढे आहेत. बाही एक इंच कमी कापली गेली, ती कापणाऱ्याने कापली.

आकडा मोठ्याने सांगायचा नाही, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी एकजण माप घेतो आणि मशिनवरच्या माणसाला ओरडून सांगतो, "छाती बेचाळीस, दंड पंधरा!" दुकानात चार बायका, दारात कुणाचा तरी नवरा. तिथे उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघा एकदा. माझ्याकडे चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी कापडाला टाचतात. तुमच्या टेलरकडे ओरडायची पद्धत असेल तर माप सुरू व्हायच्या आधीच सांगा, "दादा, लिहून घ्या, बोलू नका." पैसे तुम्ही देताय. आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

कापड कमी पडतं तेव्हा

साडीला जोडून येणारा ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. छाती चाळीसच्या पुढे गेली आणि कोपरापर्यंत बाही हवी असली की एक मीटर लागतं. मग टेलर कापड पसरतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, "यात नाही बसणार तुम्हाला." बाई खाली मान घालून गप्प. आता हे ८० सेंटिमीटर ठरवले कुणी? साडी बनवणाऱ्याने, त्याच्या हिशेबाने. तुमच्या अंगाचा त्यात काही संबंध नाही. कापड आखूड आहे, एवढंच.

उपाय भरपूर आहेत. बाह्या वेगळ्या कापडाच्या करा. पैठणीला जरीच्या काठाची किंवा साध्या सिल्कची बाही उठून दिसते. काखेखालून बाजूला त्याच रंगाची पट्टी लावली तर हात खाली असताना ती दिसतही नाही. साडीच्या आतल्या टोकाकडचा, कमरेशी खोचला जाणारा थोडा भाग कापून घेता येतो, अर्थात साडी लांबीला पुरत असेल तरच. नाहीतर ब्लाऊजपीस बाजूला ठेवून वेगळं कापड घ्या, लक्ष्मी रोडला आणि तुळशीबागेत मॅचिंगची दुकानं काही कमी नाहीत. आणि कोणताही ब्लाऊज शिवा, दोन्ही बाजूंच्या शिलाईत एकेक इंच कापड आत सोडायला सांगा. अस्तरालाही तेवढंच सोडायला सांगा, कारण कापड सोडतात आणि अस्तर काटोकाट कापतात, मग उसवून काही उपयोग होत नाही. अंग पुढे वाढेल, कमी होईल, दोन्हीला ते कापड कामी येतं.

माझी आजी खणाची चोळी घालायची, पुढे गाठ मारायची. सहा मुलं झाली, म्हातारपणी अंगावरचं मांस उतरलं, चोळ्या त्याच जातीच्या राहिल्या. गाठ सैल, गाठ घट्ट. नऊवारही तसंच, नेसणारीच्या हातात सगळं. हुक आले, तयार मापं आली, तेव्हापासून कपडा स्थिर आणि बाईनेच त्याच्यात मावायचं अशी उलटी रीत पडली. रेडिमेड कपड्यांचं तर विचारूच नका. एका कंपनीचा एक्सेल दुसरीच्या लार्जएवढा असतो, कारण आपल्याकडे पुष्कळ कंपन्या परदेशी मापांची कोष्टकं वापरत आल्या आहेत. भारताचं स्वतःचं कोष्टक व्हावं म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने सहा शहरांतल्या २५ हजारांहून जास्त लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचा प्रकल्प हाती घेतला. म्हणजे कपडे भारतीय अंगाला बसत नाहीत हे सरकारदरबारीही मान्य आहे. ट्रायल रूममध्ये चेन अडकली तर हे आठवा आणि पुढचा साइझ मागा.

नवरीचा ब्लाऊज

लग्न ठरलं की मुलीच्या मागे पाच किलोचं शुक्लकाष्ठ लागतं. मागे एक आई मुलीला घेऊन आली. माप घेतलं, मुलगी बाहेर फोनवर बोलायला गेली, तशी आई हळूच म्हणाली, "ताई, दोन इंच कमीच शिवा, म्हणजे ती कमी करेल." मी नाही म्हटलं. ब्लाऊज अंगाच्या मापाचा शिवला, आत कापड सोडलं आणि आईला सांगितलं, कमी झाली तर लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः टिप मारून देईन, अर्ध्या तासाचं काम आहे. वाढवणं अर्ध्या तासात होत नाही. आणि हळदीच्या दिवशी हुक लागत नाही म्हणून रडणारी नवरी मी पाहिली आहे. चार दिवस नीट न जेवता उपाशीपोटी उभी राहून ती रडत होती.

तुम्ही नवरी असाल तर आईला एवढंच म्हणा, "आई, ब्लाऊज आजच्या मापाचा होऊ दे, कमी झाले तर ताई आवळून देतील." वाद नको, भाषण नको, कामाचं बोलणं. आणि तुम्ही आई असाल तर टेलरसमोर मुलीच्या अंगाबद्दल तिच्या देखत काही बोलू नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर अजिबात नाही. पहिल्यांदा माप देणारी मुलगी आधीच अवघडलेली असते. त्या वयात छाती, कंबर, पाय आपापल्या वेळेने वाढतात, आज ढोपरं दिसतात आणि सहा महिन्यांनी गाल भरतात. तिच्यासाठी शिवताना शिलाईत आणखी जास्त कापड सोडा.

लग्नकार्यात भेटणाऱ्या काकू-मावश्यांचं काय? "अगं, किती सुटलीस!" याला बहुतेक जणी हसून "हो ना" म्हणतात आणि सफाई सुरू होते. तुम्ही ती देऊ नका. "बरी आहे काकू मी. तुमचा गुडघा कसा आहे?" एवढं म्हणा. विषय तब्येतीवर येतो आणि तब्येत हा बोलायचा विषय आहे, अंगाचा घेर नाही. जवळची व्यक्ती असेल आणि तेच तेच बोलत असेल तर एकटीला गाठून सांगा, "आत्या, तुम्ही असं म्हणालात की मला चारचौघांत जेवायला लाज वाटते." रागाने सांगितलेलं विसरतात, असं सांगितलेलं लक्षात राहतं. आणि नवऱ्याने किंवा दिराने ताटाकडे बघून काही म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवा, कारण घरातली मुलं ऐकत असतात आणि शाळेत जाऊन तेच बोलतात.

परकराचा नाडा

याबद्दल मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, मग ते ब्लाऊज टाकायला आलेलं असो की साडीला फॉल लावायला. पोट दिसू नये म्हणून बायका नाडा करकचून बांधतात. साडी आवळून धरली की बारीक दिसू, असा समज. नाड्याची दोरी अर्धा सेंटिमीटर रुंद, त्यावर अख्ख्या साडीचं वजन, रोज त्याच जागी, घामात. तिथे आधी खाज, मग काळा पट्टा, मग कातडी सोलवटते. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ साली बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात दोन वयस्कर बायकांची माहिती प्रसिद्ध केली. कमरेवर वर्षानुवर्षं घट्ट बांधल्याने झालेली जखम भरली नाही आणि तिथे कातडीचा कॅन्सर झाला. असं क्वचित होतं, पण होतं.

म्हणून परकराला नेफा रुंद घ्या, दोन इंचांचा, आणि आत दोरीऐवजी रुंद पट्टी किंवा इलॅस्टिक घाला. गाठ रोज थोडी वरखाली करा, डावीउजवीकडे फिरवा. रात्री परकर नेसूनच झोपत असाल तर नाडा सैल करा. कमरेवरची जखम महिनाभरात बरी होत नसेल तर हळद लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मांड्या घासतात त्यांनी परकराच्या आतून सुती सायकलिंग शॉर्ट घालावी, कोणत्याही कपड्यांच्या दुकानात मिळते. मांड्या सोलवटतात म्हणून चालायला जायचं बंद केलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांना आळशी म्हणण्याआधी एक शॉर्ट आणून द्या.

शिवून होईपर्यंत

ब्लाऊज हातात यायला आठ-दहा दिवस लागतात. ज्यांनी बरीच वर्षं तपासणी केलेली नाही त्यांनी तेवढ्यात ती करून घ्यावी, असं मी सांगते. अंग आहे तसं स्वीकारा म्हटलं की काहींना वाटतं, तब्येतीकडे दुर्लक्ष करा असं म्हणतेय. तसं नाही. तब्येत डोळ्यांनी कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. लोक जाड बाईला बघून शुगर असेल म्हणतात आणि बारीक बाईला बघून हिला काय धाड भरलीये म्हणतात, आणि दोन्हीकडे चुकू शकतात.

हे आमच्याच रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाने जगाला दाखवलं. तिथल्या मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३ पासून याच गटाने गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. तरी आपल्या बाळांच्या अंगावर चरबीचं प्रमाण त्या मानाने टिकून होतं, कमी होते ते स्नायू. म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यालाही शुगर गाठू शकते. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजन ठरवायची बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात. आणि बीएमआय हे गणित मुळात १९ व्या शतकातल्या बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांचं, ते संख्याशास्त्र आणि खगोलशास्त्राचे माणूस होते, डॉक्टर नव्हते. त्या एका आकड्यावरून स्वतःला पास-नापास करू नका.

टेप घरात असतोच. छातीची शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सोडल्यावर पोटाचा घेर मोजा. बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाचा ९० च्या वर असेल तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. त्याच्या आत असेल आणि घरात आईवडिलांना शुगर असेल तरी तपासा. ब्लाऊजच्या कमरेचं माप इथे चालत नाही, ती जागा वेगळी.

आता मापाच्या चिठ्ठीचा तो फोटो बघा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर ३४ सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेतेरा इंचांच्या वर असेल, तर बीपी मोजताना दंडाला गुंडाळायचा मोठा पट्टा, म्हणजे कफ, मागा. नेहमीचा पट्टा जाड दंडावर लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वरचा आकडा सरासरी ५ ने, आणि खूपच जाड दंडावर २० च्या आसपास जास्त आला. त्या आकड्यावर गोळी सुरू होऊ शकते. लाजू नका. "माझा दंड मोठा आहे, मोठा कफ आहे का?" असं विचारा, नसेल तर त्या आकड्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांकडे पाठ दुखते म्हणून जावं आणि "वजन कमी करा" ऐकून परत यावं, हा अनुभव माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांचा आहे. मग त्या जायचंच सोडतात, आणि खरा धोका तिथे आहे. अशा वेळी शांतपणे विचारा, "डॉक्टर, हेच दुखणं सडपातळ बाईला असतं तर तुम्ही काय तपासलं असतं? तेही तपासूया." ऐकून घेणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. नसतील तर दुसरे गाठा.

आणि कुणाचं अंग उतरलं म्हणून लगेच कौतुक करू नका. माझ्याकडे जुन्या वह्या आहेत, मापं डोळ्यांसमोर असतात. एक बाई दरवर्षी गौरीला ब्लाऊज टाकायच्या. त्या वर्षी छाती तीन इंच कमी भरली. सगळी आळी म्हणत होती, "छान बारीक झालात, काय केलंत?" मी विचारलं, "मुद्दाम काही करताय का?" म्हणाल्या, "नाही हो, तहान मात्र फार लागते." तपासली तर शुगर तीनशेच्या वर. काही न करता महिन्या-दोन महिन्यांत कपडे सैल पडले, तर आनंद मानण्याआधी रक्त तपासा; शुगर, थायरॉइड, टीबी, कशानेही होतं ते. दिसण्यावरून कौतुकही नको आणि टोमणाही नको, कारण समोरच्या बाईच्या अंगात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

ट्रायल

ब्लाऊज घालून आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका. दोन्ही हात वर करा, फडताळावरचा डबा काढताना करतो तसे. खाली बसा. वाका. खोल श्वास घ्या. हुकांमधून फट पडली, बाही वर चढली, पाठीवर आडव्या सुरकुत्या आल्या, तर लगेच सांगा. हुकांमधली फट म्हणजे छातीत कमी पडलाय, आडव्या सुरकुत्या म्हणजे पाठ ताणलीय, बाही चढते म्हणजे मुंढा, बाही जोडतात तो काखेजवळचा घेर, लहान आहे. मुंढा लहान असेल तर काखेत चौकोनी तुकडा जोडून घेता येतो, ब्लाऊज फेकायची गरज नाही. घरी कपाटात 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेले ब्लाऊज आहेत तेही त्याच फेरीत घेऊन या. आत कापड असेल ते उसवून वाढवता येतील, नसेल ते बहिणीला, भाचीला, जिला बसतील तिला द्या. शिलाईचे पैसे पूर्ण देण्याआधी हे सगळं करा, आणि दुरुस्ती त्याच पैशांत होईल असं आधी ठरवून घ्या.